रोबोट्रॉन २०८४: गोळी झाडायची ती वाट काढायला

रोबोट्रॉनचा पहिला डाव बहुतेकांचा सारखाच जातो. स्क्रीनच्या मधोमध तुमचा इवलासा माणूस उभा असतो, चहूबाजूंनी रोबो चालून येतात आणि ‘यातला मी कोणता?’ हे शोधेपर्यंत पहिली लाइफ गेलेली असते. दुसरी त्याच्या मागोमाग जाते. तिसऱ्या लाइफला आपण कोपऱ्यात पळतो, तिथे थोडा वेळ शूर वाटतं आणि मग तिथेच चिरडले जातो. एवढ्यावर कंटाळून खेळ बंद करणारे मी पुष्कळ पाहिलेत. त्यांना आणि अजून हातच न लावलेल्यांना, निदान पाचव्या वेव्हपर्यंत (वेव्ह म्हणजे रोबोंची एकेक लाट, ती संपवली की पुढची) जाता यावं म्हणून हे लिहितोय.

हा आर्केडचा, म्हणजे नाणं टाकून उभ्या यंत्रावर खेळायचा खेळ, १९८२ सालचा, शिकागोच्या विल्यम्स कंपनीचा. युजीन जार्विस आणि लॅरी डीमार या दोघांनी तो बनवला. आधी जार्विसचा ‘डिफेंडर’ हा खेळ गाजलेला होता, त्यानंतर दोघांनी ‘व्हिड किड्झ’ नावाने स्वतःचं दुकान थाटलं होतं आणि विल्यम्ससाठी बाहेरून खेळ करून देत होते. रोबोट्रॉन साधारण सहा महिन्यांत उभा राहिला. गोष्ट दोन ओळींची आहे. साल २०८४. माणसानेच बनवलेल्या रोबोंनी हिशोब केला आणि माणूस हाच कुचकामी आहे असं ठरवलं. आता जगात एकच कुटुंब उरलंय, आणि त्याला वाचवणारे तुम्ही.

यंत्राला एकही गोळीचं बटण नाही. दोन जॉयस्टिक आहेत. डावीने चालायचं, उजवीने गोळी झाडायची, आणि दोन्ही आठही दिशांना. म्हणजे ईशान्येला पळता पळता नैर्ऋत्येला मागे गोळ्या झाडत राहता येतं. आज मोबाइलवर दोन अंगठ्यांनी खेळायच्या गोळीबाराच्या खेळांत हे इतकं नेहमीचं झालंय की त्यात विशेष काय असं वाटेल. तेव्हा ते नेहमीचं नव्हतं. जार्विसला ‘बर्झर्क’ हा १९८० चा खेळ आवडायचा, पण त्यात गोळी झाडायची तर माणूस थांबायचा, आणि ते त्याला खुपायचं. त्यात एका मोटार अपघातात त्याचा उजवा हात दुखावला. हात प्लास्टरमध्ये, त्यामुळे एका हाताने दांडी आणि दुसऱ्याने बटण हे जमेना. त्यातून ही दोन दांड्यांची कल्पना आली. मोडलेल्या हाताचं इतकं चांगलं काही झाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण पुढचा सगळा लेख तिच्यावर उभा आहे. सुरुवातीला या खेळात गोळीच नव्हती. रोबो तुमच्या मागे लागणार, तुम्ही त्यांना हुलकावणी देऊन मैदानातल्या इलेक्ट्रोडांवर, म्हणजे जागच्या जागी असलेल्या जीवघेण्या अडथळ्यांवर, आपटायला लावायचं, एवढाच डाव. बनवणाऱ्यांनाच थोड्या वेळात त्याचा कंटाळा आला, मग बंदूक आली, आणि बंदूक आल्यावर रोबोंची संख्याही वाढवत नेली. पण खाली हाड आहे ते पळापळीच्या खेळाचंच. ज्याला हे कळतं तो टिकतो. ज्याला वाटतं हा नेमबाजीचा खेळ आहे, तो दहा सेकंदांत बाहेर.

आधी हातातलं सामान बघा

विल्यम्सचे जुने खेळ वेळोवेळी संग्रहांतून निघाले आहेत. ‘मिडवे आर्केड ओरिजिन्स’ हा २०१२ चा संग्रह एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ साठी आला होता, त्यात रोबोट्रॉन आहे. जुन्या डिस्कच्या बाजारात असे संग्रह शोधले तर मिळतात. इंटरनेट आर्काइव्हने २०१४ पासून जुने आर्केड खेळ ब्राउझरमध्ये चालवायची सोय केली आहे. तिथे हात साफ करून घ्यायला हरकत नाही, पण ब्राउझरमध्ये हात आणि स्क्रीन यांच्यात किंचित उशीर जाणवू शकतो, आणि या खेळात किंचितही महाग पडतो.

सगळ्यात चांगला पर्याय म्हणजे दोन स्टिक असलेला साधा गेमपॅड. शक्यतो वायरचा. टीव्हीवर खेळत असाल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो, तो लावा. नाहीतर टीव्ही चित्र सुंदर करण्यात वेळ घालवतो आणि तुम्ही रोबोला धडकल्यावर तुम्हाला रोबो दिसतो. चित्र ताणून रुंद करू नका, मूळ पडदा जवळपास चौकोनी होता. ताणलं की आडवी आणि उभी अंतरं वेगळी भासतात आणि तिरकी गोळी चुकते.

पॅडच्या स्टिकची एक खोड ध्यानात ठेवा. मूळ दांडीला आठच दिशा होत्या, पॅडची स्टिक गोल फिरते. त्यामुळे आपल्याला वाटतं तिरकं दाबलंय, आणि गोळी जाते सरळ वर. पहिली दोन मिनिटं रिकामटेकडी घालवा: शत्रू असू देत नाहीतर नसू देत, फक्त चारही तिरक्या दिशांना गोळ्या झाडून बघा. उजवा अंगठा स्टिकच्या काठापर्यंत पूर्ण ढकलायचा, अर्धवट नाही.

कीबोर्डवर खेळायचं तर डाव्या हाताला डब्ल्यू-ए-एस-डी, उजव्या हाताला बाणांच्या किल्ल्या. मी महिनाभर असाच शिकलो. अडचण एकच: स्वस्त कीबोर्डला तीन-चार किल्ल्या एकदम दाबल्या की त्यातली एखादी तो गिळून टाकतो. तिरकं चालत तिरकी गोळी म्हणजे चार किल्ल्या झाल्याच. तुमचा माणूस मधेच अडून बसत असेल तर दोष तुमच्या बोटांचा नसेल. उजव्या हाताच्या किल्ल्या बदलून पाहा, आय-जे-के-एल वगैरे. एखादी जोडी जमून जाते.

मोबाइलच्या काचेवर मात्र हा खेळ शिकू नका. अंगठ्याखालीच निम्मं मैदान झाकलं जातं.

उजव्या हाताला विसरा

पहिला नियम: गोळीबार कधीच थांबवायचा नाही. गोळ्या संपत नाहीत, बंदूक तापत नाही, वाचवून ठेवण्यासारखं काही नाही. उजवी दांडी कायम कुठल्या ना कुठल्या दिशेला दाबलेली हवी. पहिल्या दिवशी नेम धरायचा प्रयत्नसुद्धा करू नका.

लक्ष सगळं डाव्या हाताकडे. मी पुढे जाणार कुठे? त्या दिशेला काही आडवं आहे का? असेल तर तिकडे गोळी. नसेल तर मागून जो येतोय त्याच्याकडे. थोडक्यात, गोळी झाडायची ती वाट काढायला, मारायला नव्हे. वाटेत आला तो मेला, तर मेला. हे वाक्य वाचायला सोपं आहे. खेळताना मात्र डोळ्यासमोर एखादा रोबो एकटा सापडला की पाय थबकतात, ‘याला संपवतो आणि मग निघतो.’ तेवढ्यात पाठीमागचे तीन येऊन भिडलेले असतात.

नजर कुठे ठेवायची? आपल्या माणसावर नाही. गाडी चालवताना आपण बॉनेटकडे बघत नाही, रस्त्याकडे बघतो, तसं. माणसाच्या पुढे दोन-तीन बोटं जी मोकळी जागा आहे तिच्यावर नजर. आपला माणूस डोळ्याच्या कडेने दिसत राहतो. सुरुवातीला हरवतो, मग सवय होते.

पहिली वेव्ह

पहिल्या वेव्हला मैदानात पंधरा ग्रंट असतात, पाच इलेक्ट्रोड, आणि ज्यांना वाचवायचं ती घरची दोन माणसं. ग्रंट हा सगळ्यात बिनडोक रोबो. त्याचं काम सरळ तुमच्याकडे चालत येणं. गोळी एक लागली की खलास, १०० गुण. पण वेव्ह लांबत गेली की ग्रंट जोरात चालायला लागतात, म्हणून रेंगाळण्यात फायदा नाही. इलेक्ट्रोड जागचे हलत नाहीत. त्यांना तुम्ही शिवलात की तुम्ही मरता, ग्रंट शिवला की ग्रंट मरतो, गोळी लागली की ते फुटतात. गुण शून्य.

वेव्ह सुरू झाली की तुम्ही मधोमध असता आणि ग्रंट सभोवार. इथे थांबायचं नाही. एक बाजू निवडा, जिथे गर्दी जरा पातळ दिसते ती. त्या बाजूला गोळ्या झाडत तिकडेच चालत सुटा. दोन-तीन ग्रंट पडतील, फट पडेल, फटीतून बाहेर. आता सगळे रोबो तुमच्या एकाच अंगाला आले. घेराव संपला, पाठलाग सुरू झाला. घेरावापेक्षा पाठलाग शंभर पटीने बरा.

मग मैदानाच्या कडेकडेने, पण भिंतीला न चिकटता, गोल फिरायला लागा आणि गोळ्या मागे झाडा. खो-खोत पळणारा गडी रिंग घालतो ना, तेच. सगळे ग्रंट तुमच्याकडेच चालत असल्यामुळे हळूहळू त्यांचा एक कळप होतो, आणि कळपावर मागे झाडलेली प्रत्येक गोळी कुणाला तरी लागतेच. नेम धरायचं कामच उरत नाही. कळप फार जवळ आला तर फेरा मोठा घ्या. फेरा मोठा घ्यायला वाट नसेल तर वाटेतला इलेक्ट्रोड आधीच फोडून ठेवा.

कोपरा मात्र वर्ज्य. नवख्याला कोपरा सुरक्षित वाटतो कारण दोन बाजूंनी भिंत आहे. पण भिंतीने शत्रूपेक्षा तुमचीच वाट जास्त अडते. आठ दिशांपैकी पळायला तीनच उरतात. आगीतून फुफाट्यात जायचा याहून जवळचा रस्ता नाही.

ही एक वेव्ह न मरता सलग पाच वेळा पार होईपर्यंत पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

दुसऱ्या वेव्हपासून खरी मंडळी येतात

हल्क. हिरवा, थोराड, संथ. हा मरत नाही. कितीही गोळ्या घाला, मरत नाही. गोळीने तो फक्त थोडा मागे ढकलला जातो. वेव्ह संपायला त्याला मारावंही लागत नाही, बाकीचे संपले की वेव्ह संपते. तुमच्या मागे लागण्यात त्याला फारसा रस नसतो, तो आपल्याच तंद्रीत फिरतो आणि वाटेत घरची माणसं आली की त्यांना तुडवतो. तिथे कवटीचं चिन्ह उमटतं आणि पोटात कसंतरी होतं. हल्कशी वैर धरू नका. तो तुमच्या वाटेवर असेल तरच गोळ्यांनी त्याला रेटायचं, किंवा एखाद्या माणसापासून लांब ढकलायचं. बाकी वेळ तो चालती भिंत आहे असं समजा.

स्फेरॉइड. हे लाल फुगणारं-आकसणारं वर्तुळ, भिरभिरत कडेला आणि कोपऱ्यात जातं. दिसायला निरुपद्रवी. नवखे त्याच्याकडे दुर्लक्ष करतात आणि सगळ्यात जास्त तिथेच फसतात. कारण थोड्या वेळाने ते एन्फोर्सर नावाची पिल्लं सोडतं. एन्फोर्सर तुमच्यावर तरंगत येतात आणि ठिणग्या फेकतात, आणि त्या ठिणग्या सरळ रेषेत येत नाहीत, वळतात, भिंतीला लागून घसरत येतात. एक स्फेरॉइड म्हणजे १,००० गुण. त्याचा एक एन्फोर्सर मारला तर १५०. म्हणजे खेळच तुम्हाला सांगतोय की आधी कुणाकडे जायचं.

म्हणून दुसऱ्या वेव्हपासून सुरुवातीची फट कोणत्या बाजूला पाडायची याचा निर्णय बदलतो. गर्दी पातळ कुठे, हे पाहायचंच, पण स्फेरॉइड कुठे हे आधी पाहायचं. शक्य असेल तर त्याच्याच दिशेने वाट काढा. तिसऱ्या-चौथ्या वेव्हला स्फेरॉइड तीन-चार होतात. सगळे लगेच मिळणार नाहीत. दोन मारले तरी निम्मी डोकेदुखी कमी.

एन्फोर्सर बाहेर पडलेच तर लांबून त्यांच्याशी नेमबाजी खेळू नका. ठिणग्यांना तुमच्यापर्यंत यायला अंतर मिळालं की त्या वळणं घेतात आणि अंदाज चुकतो. हलत राहा, आडवे पळा, आणि एन्फोर्सर जवळ आला की मारा. ठिणगीलाही गोळी लागते, २५ गुणही मिळतात, पण ते गुण मोजत बसायची वेळ नसते ती.

घरच्या माणसांचा हिशोब

आता खरा मुद्दा. मैदानात आई, बाबा आणि मायकी नावाचा मुलगा अशी माणसं भटकत असतात. एकाच वेव्हला तीन-तीन आया आणि चार-चार मायकी कसे, हे विचारायचं नाही. त्यांना नुसतं शिवलं की ती वाचतात. गोळी त्यांना लागत नाही, तेव्हा निर्धास्त झाडा.

वेव्हमधल्या पहिल्या माणसाला १,००० गुण, दुसऱ्याला २,०००, मग ३,०००, ४,००० आणि पाचव्याला ५,०००. त्यानंतर त्या वेव्हमध्ये प्रत्येकाला ५,०००. वेव्ह संपली किंवा तुम्ही मेलात की मोजणी पुन्हा १,००० पासून. यंत्राची नेहमीची मांडणी अशी की दर २५,००० गुणांना एक जादा लाइफ मिळते.

आता बोटं मोडून बघा. पहिली पाच माणसं मिळून १५,०००. पुढची दोन मिळून १०,०००. म्हणजे एकाच वेव्हमध्ये न मरता सलग सात माणसं वाचवली की बरोब्बर एक लाइफ. तेवढेच गुण ग्रंट मारून मिळवायचे तर अडीचशे ग्रंट लागतील. पहिल्या वेव्हचे सगळे ग्रंट मारले तरी दीडच हजार होतात, आणि तिथली दोन माणसं उचलली की तीन हजार. रोबोट्रॉनमध्ये जगण्याचं चलन माणसं आहे, मेलेले रोबो नव्हेत.

आणि या हिशोबामुळेच खेळाला गंमत आली आहे. माणसं नसती तर सगळ्यांनी एक सोयीची जागा पकडून तिथून गोळ्या झाडल्या असत्या. माणसं आहेत म्हणून कडेने फिरणारा तुम्ही मधेच गर्दीत घुसता. रिंग तुटते, वाट नव्याने काढावी लागते. माझे निम्मे मृत्यू ‘तेवढी एक आई उचलतो’ या हव्यासापायी झालेत, आणि माझ्या निम्म्याहून जास्त जादा लाइफही त्याच हव्यासाने मिळाल्यात. तेव्हा हव्यास सोडा असं मी सांगणार नाही. फक्त क्रम लावा:

पहिली माणसं तीच उचला जी तुमच्या वाटेवर आहेत. वाट मोडून जायचं ते चौथ्या-पाचव्या माणसापासून पुढे, जेव्हा एकेकाला चार-पाच हजार मिळतात. तोवर गर्दीही कमी झालेली असते. हल्कच्या जवळ असलेलं माणूस आधी, एकटं सुरक्षित कोपऱ्यात भटकणारं नंतर. आणि शेवटचा रोबो मारण्याआधी मैदानात नजर फिरवा. कुणी उरलंय? मग तो शेवटचा ग्रंट जिवंत ठेवा, त्याला मागे फिरवत राहा, आधी माणूस उचला. शेवटचा रोबो मेला की वेव्ह संपते आणि उरलेल्या माणसांचे गुण हातचे जातात.

पाचवी वेव्ह: मेंदूवाले

दर पाचव्या वेव्हला, म्हणजे ५, १०, १५ अशी, ब्रेन येतात. मोठ्या डोक्याचे, हळू चालणारे रोबो. ते घरच्या माणसांना पकडतात आणि त्यांचे ‘प्रॉग’ करतात, म्हणजे तुमचंच माणूस आता वेडंवाकडं धावत तुमच्यावर येतं. प्रॉगला गोळी घालावी लागते. १०० गुण. पहिल्यांदा जरा जिवावर येतं. शिवाय ब्रेन क्षेपणास्त्रं सोडतात, ती वळवळत, पाठ न सोडता येतात.

नवख्याची इथे पाचावर धारण बसते, पण ही वेव्ह म्हणजे खरं तर पगाराचा दिवस आहे. मैदानात आयाच आया असतात, डझनापेक्षा जास्त. वरचा हिशोब आठवा. निम्म्या जरी उचलल्या तरी एक लाइफ नक्की, जमलं तर दोन.

काम असं करा. सुरू होताच जवळच्या एका ब्रेनच्या दिशेने गोळ्या झाडत चला आणि वाटेतल्या आया गोळा करत जा. ब्रेन ५०० गुणांचा आहे आणि एका गोळीत जातो. दोन-तीन ब्रेन पडले की त्या अंगाला थोडा श्वास मिळतो. क्षेपणास्त्र अंगावर येतंय असं दिसलं की त्याच्यापासून सरळ रेषेत पळू नका. आडवे वळा, मागे वळून गोळी झाडा, ते फुटतं. जुने खेळाडू आणखी एक युक्ती सांगतात: पाचव्या वेव्हला मैदानात एक मायकी असतो आणि ब्रेन त्याच्याच मागे लागतात, म्हणून त्याला सगळ्यांत शेवटी उचलायचं. तो जिवंत आहे तोवर आयांना उसंत. पोराला आमिष म्हणून सोडायचं हे ऐकायला बरं नाही, पण गुण वाढतात.

पुढचं थोडक्यात

सातव्या वेव्हला क्वार्क येतात. तिरके भिरभिरणारे, रंग बदलणारे चौकोन. स्फेरॉइडचेच चुलतभाऊ, फक्त यांच्या पोटातून रणगाडे निघतात, आणि रणगाड्याचे गोळे भिंतीवर आपटून परत येतात. कॅरमची सवय असेल तर कोन चटकन कळतील. नियम तोच: क्वार्क १,०००, रणगाडा २००, तेव्हा पिल्लं व्हायच्या आत आईबाप गाठा. या वेव्हला ग्रंट नसतातच. सुरू झाल्या क्षणी क्वार्कवर तुटून पडायचं. माझ्या मते नवख्यासाठी पहिल्या दहातली ही सगळ्यात वाईट वेव्ह. इथे दोन लाइफ जाणार हे गृहीत धरूनच पाचवीला आया गोळा करायच्या.

नववीला ग्रंटांचा पूर लोटतो. पहिल्या वेव्हची रिंग इथे पुन्हा कामी येते, फक्त पहिली फट पाडायला अर्धा सेकंदच मिळतो. दहावीला पुन्हा ब्रेन, म्हणजे पुन्हा पगार. एव्हाना हा ताल ध्यानात आला असेल: पाचाच्या वेव्हला कमवायचं, मधल्या वेव्हला खर्चायचं.

मेल्यावर काय, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. वेव्ह पहिल्यापासून सुरू होत नाही. जे मेले ते मेलेच राहतात, जे उरले ते नव्या जागी मांडून डाव पुढे सुरू होतो. म्हणजे एखादी वेव्ह फारच अंगावर आली असेल तर मरण्याआधी चार महत्त्वाचे शत्रू संपवले याला किंमत आहे. ती मेहनत फुकट जात नाही. पुन्हा उभे राहिलात की घाबरून लगेच दांडी ढकलू नका. चित्र उभं राहतं त्या क्षणात फट बघा, मग निघा.

रोजचा सराव

दिवसाला पंधरा मिनिटं पुरेत. त्याहून जास्त खेळलात तर डोळे आणि मनगट दोन्ही कुरकुरतात, आणि थकल्या डोळ्यांनी वाईट सवयी लागतात. मी स्वतः आठवडाभर एकेका गोष्टीवरच खेळायचो. एक आठवडा फक्त ‘मधोमधून बाहेर’, गुण किती झाले हे बघायचंच नाही. पुढचा आठवडा फक्त स्फेरॉइड. त्यानंतरचा फक्त माणसं, रोबो वाटेत आले तरच. विचित्र वाटेल, पण या तिसऱ्या आठवड्यात माझे गुण दुप्पट झाले.

पहिलं लक्ष्य पाचवी वेव्ह दिसणं. दुसरं, ती पार करताना एक तरी जादा लाइफ कमावणं. तिसरं, १,००,००० गुण. लाखाला पोचायला बहुतेकांना दोन-तीन आठवडे लागतील असा माझा अंदाज आहे. कॅरम किंवा टेबल टेनिस खेळणाऱ्यांना कमी, कारण त्यांचे हात आणि डोळे आधीच वेगवेगळं काम करायला शिकलेले असतात.

एका गोष्टीला मात्र वेळच द्यावा लागतो. दोन हातांनी दोन दिशा. पहिले काही दिवस उजवा हात डाव्याचं अनुकरण करत राहतो: चालतो तिकडेच गोळी. ते आपोआप सुटतं, पण घाई करायची असेल तर पहिल्या वेव्हला एक मजेशीर खेळ करा. फक्त मागेच गोळी झाडायची, पुढे झाडायचीच नाही. मराल भरपूर. दहा-बारा वेळा मेलात की दोन्ही हात एकमेकांपासून सुटल्यासारखे वाटतात, आणि मग पुढे झाडायची परवानगी स्वतःला द्या.

पॅड मिळालाच नाही आणि चार बटणांचं एखादं जुनं व्हिडिओ गेमचं रिमोट हाताशी असेल तरी अडायला नको. सुपर निन्टेंडोवर ‘स्मॅश टीव्ही’ या रोबोट्रॉनच्याच वंशातल्या खेळात उजवीकडची चार बटणं चार दिशा मानून गोळीबार व्हायचा, दोन बटणं मिळून तिरकी. तो खेळही १९९० साली जार्विस आणि मार्क टर्मेल यांनीच आर्केडसाठी केला होता. रोबोट्रॉनला हात बसला की तो उचला, किंवा २००५ चा ‘जॉमेट्री वॉर्स: रेट्रो इव्हॉल्व्ह्ड’. दोन्ही सौम्य वाटतील. रोबोट्रॉनच्या १ मेगाहर्ट्झच्या मोटोरोला ६८०९ ने आणि चित्रं हलवायला जोडलेल्या खास चिपांनी जी गर्दी उभी केली, तिच्यात वाट काढलेल्या माणसाला बाकीची मैदानं मोकळी दिसतात.

आणि कधी परदेशात एखाद्या जुन्या आर्केडमध्ये खरं यंत्र दिसलं तर पाय थोडे फाकवून उभे राहा, कोपर अंगाला चिकटवू नका, आणि दांड्या मुठीत आवळू नका. बोटांनी धरा. पहिल्या डावात मी त्या दोन्ही दांड्या एसटीच्या दांड्यासारख्या पकडल्या होत्या. चौथ्या वेव्हला उजवा हात इतका भरून आला की पुढच्या नाण्याआधी पाच मिनिटं बाकड्यावर बसावं लागलं.